टपाल नोंदणी व बटवड्याची संगणकप्रणाली: आराखडा ‘स्थिती’पासून नव्हे, ताब्यापासून सुरू करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खिडकीवर नोंदणीकृत टपाल स्वीकारायचे, थैल्यांत भरून पुढच्या कार्यालयाकडे रवाना करायचे आणि तिथून पोस्टमनमार्फत पत्त्यावर पोचवायचे, हे काम आज वह्यांवर चालते आणि ते संगणकावर आणायचे आहे. प्रश्नासोबत एक कच्चा आराखडाही दिलेला आहे. त्यात टपालाचा एक मुख्य तक्ता असून क्रमांक, प्रेषक, पत्ता, वजन, स्वीकारल्याची तारीख आणि ‘स्थिती’ असे रकाने आहेत. टपाल पुढे सरकले की स्थितीच्या रकान्यातला शब्द बदलायचा, अशी कल्पना आहे. मी अशा प्रणालींवर बरीच वर्षे काम केले आहे आणि त्याआधी काही काळ वह्याही लिहिल्या आहेत. माझ्या मते या आराखड्यातील बाकीचे रकाने थोड्याफार फरकाने चालतील, पण तो ‘स्थिती’चा रकानाच पुढे सर्वांत जास्त त्रास देईल.

त्याचे कारण नोंदणीच्या मूळ हेतूत आहे. साध्या पत्रापेक्षा जास्त पैसे मोजून प्रेषक टपालाची नोंदणी करतो, ते मुख्यतः ते लवकर पोचावे म्हणून नव्हे. ते प्रत्येक क्षणी कोणाच्या तरी हवाली असावे आणि हरवलेच तर कोणाच्या हातून हरवले हे सांगता यावे, यासाठी करतो. जुन्या वह्यांची सगळी रचना याच एका गोष्टीभोवती होती. देणारा लिहून देई, घेणारा मोजून सही करी आणि सही झाली की जबाबदारी त्या हातातून या हातात जाई. म्हणून प्रणालीने सर्वांत आधी उत्तर द्यायचा प्रश्न ‘टपालाची स्थिती काय’ हा नसून ‘ते आत्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याने ते कोणाकडून व केव्हा घेतले’ हा आहे. ‘मार्गस्थ’ किंवा ‘प्रक्रियेत’ असे शब्द स्क्रीनवर छान दिसतात, पण त्यांच्यामागे माणूस नसतो.

यावरून तक्त्यांची मांडणी बरीचशी आपोआप ठरते. टपालाच्या तक्त्यात केवळ न बदलणारी माहिती ठेवावी: क्रमांक, प्रकार, वजन, आकारणी, प्रेषक, पत्ता, पोचपावती मागितली आहे का, विमा आहे का. घडलेल्या गोष्टींचा तक्ता वेगळा असावा आणि त्यात ओळी फक्त वाढत जाव्यात. एकदा लिहिलेली ओळ बदलू किंवा पुसू नये. प्रत्येक ओळीत कोणते टपाल, कोणती घटना, कोणाकडून कोणाकडे, कुठे, केव्हा आणि कोणी नोंदवले इतके असले की पुरे. हा ‘कोण’ नेहमी व्यक्तीच असेल असे नाही; तो खिडकी असू शकतो, कपाट असू शकतो, थैली असू शकते, पोस्टमन असू शकतो. त्यामुळे ‘ताबेदार’ (म्हणजे टपाल ज्याच्या ताब्यात आहे तो) असा एक सामाईक तक्ता करून या सर्वांना त्यात एक-एक ओळ द्यावी आणि कपाट किंवा खिडकी यांच्यापुढे त्या पाळीला जबाबदार कोण हे जोडावे. शोध जलद व्हावा म्हणून प्रत्येक टपालाचा सध्याचा ताबेदार वेगळा साठवायला हरकत नाही, मात्र तो घटनेच्या नोंदीबरोबर डेटाबेसच्या त्याच व्यवहारात, म्हणजे दोन्ही लिहिले जातील किंवा एकही नाही अशा रीतीने, लिहिला गेला पाहिजे आणि घटनांवरून केव्हाही पुन्हा काढता आला पाहिजे.

चुका तर होणारच. पोस्टमन घाईत चुकीच्या टपालावर ‘बटवडा झाला’ असे दाबतो. तेव्हा ती ओळ खोडण्याची सोय कोणालाही, अगदी प्रणाली सांभाळणाऱ्यालाही, देऊ नये. वहीत जसे चुकीच्या ओळीवर लाल शाईने एकच रेघ मारून, खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवून, बाजूला सही करीत, तसेच इथे मूळ ओळीकडे बोट दाखवणारी उलट नोंद करावी आणि तिचे कारण लिहिणे सक्तीचे ठेवावे. चौकशीच्या वेळी बरोबर नोंदींपेक्षा दुरुस्त्याच अधिक काही सांगून जातात.

घटनांच्या क्रमाबाबत नवे प्रोग्रामर हमखास एक चूक करतात. कोणत्या घटनेनंतर कोणती घटना चालेल याचा ते तक्ता करतात, हे योग्यच आहे. पण त्या तक्त्यात न बसणारी नोंद प्रणाली नाकारते, हे मात्र घातक ठरते. समजा, आधीच्या कार्यालयाने रवानगी नोंदवायची राहून गेली आणि टपाल पुढच्या कार्यालयात टेबलावर येऊन पडले. कारकुनाने ते स्कॅन केल्यावर संगणक ‘हे टपाल येथे असू शकत नाही’ असे म्हणत असेल, तर तो कारकून ते टपाल बाजूला ठेवतो, आणि ज्या टपालाची खरी काळजी घ्यायला हवी तेच बिननोंदीचे होते. वस्तू समोर असेल तर नोंद घेतलीच पाहिजे. विसंगती असल्यास तिच्यावर खूण करावी आणि पर्यवेक्षकाच्या यादीत टाकावी. नाकारायचे असेल तर केवळ वाचताच न येणारा क्रमांक नाकारावा.

क्रमांकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे नवे काही शोधण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय टपालासाठी जागतिक टपाल संघाचे एस-१० हे मानक आहे आणि देशांतर्गत कामासाठीही त्याची रचना उत्तम चालते. एकूण १३ चिन्हे असतात: सेवेचा प्रकार सांगणारी दोन रोमन अक्षरे, ८ अंकी अनुक्रमांक, एक पडताळा-अंक आणि देशाची दोन अक्षरे. पडताळा-अंक काढण्यासाठी अनुक्रमांकाच्या आठ अंकांना डावीकडून ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणतात, बेरीज करतात, तिला ११ ने भागून आलेली बाकी ११ मधून वजा करतात. उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ धरतात. उदाहरणार्थ ३०७१४५२६ हा अनुक्रमांक घेतला तर गुणाकार २४, ०, २८, २, १२, २५, १८, ४२ असे येतात, बेरीज १५१ होते, बाकी ८ उरते आणि पडताळा-अंक ३ येतो. आता हाताने क्रमांक भरताना कोणी ४ आणि ५ यांची अदलाबदल करून ३०७१५४२६ लिहिले तर बेरीज १४९ होते, पडताळा-अंक ५ यायला हवा असे दिसते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. बारकोड फाटला किंवा भिजला की क्रमांक हातानेच भरावा लागतो, आणि तेव्हा या एका अंकाची किंमत कळते.

आठ अंकांत प्रत्येक उपसर्गामागे, म्हणजे सुरुवातीच्या दोन अक्षरांच्या प्रत्येक जोडीमागे, १० कोटी क्रमांक बसतात. हा साठा मोठा असला तरी कधीतरी संपतो आणि क्रमांक पुन्हा वापरात येतात, म्हणून डेटाबेसमधील प्राथमिक ओळख म्हणून हा क्रमांक वापरू नये. अंतर्गत ओळख वेगळी ठेवावी. क्रमांक आणि स्वीकारल्याचा दिवस मिळून टपाल शोधता आले म्हणजे झाले. छापील लेबलांचे रोल वापरणार असाल तर कोणत्या खिडकीला कोणता रोल दिला, त्यातील कोणते लेबल खराब झाले, याचाही हिशेब पैशांच्या पावतीपुस्तकासारखाच ठेवावा लागतो.

स्कॅनरबाबत एक जपून ठेवण्यासारखा अनुभव आहे. बहुतेक स्वस्त स्कॅनर संगणकाला कीबोर्डच असल्याचे भासवतात. ते बारकोड वाचून त्याची अक्षरे ‘टाइप’ करतात आणि शेवटी एंटर मारतात. एका कार्यालयात दुपारनंतरच्या काही नोंदींत क्रमांकाच्या सुरुवातीला ‘ईई’ अशी अक्षरे दिसू लागली. आधी स्कॅनर बिघडला असे वाटले आणि तो बदललाही. प्रत्यक्षात दुपारपाळीचा कारकून पत्ते मराठीत भरण्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करीत होता आणि तो तसाच ठेवून स्कॅन करीत होता; तिथले क्रमांक ‘आरआर’ या रोमन अक्षरांनी सुरू होत, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘आर’ची कळ दाबली की ‘ई’ उमटतो, आणि स्कॅनर इमानदारीने तेवढेच करीत होता. स्कॅनर कीबोर्डऐवजी सिरियल पोर्टच्या पद्धतीने जोडणे हा यावरचा खरा इलाज आहे. ते शक्य नसेल तर क्रमांकाच्या रकान्याने ठरलेली १३ चिन्हे आणि बरोबर पडताळा-अंक यांखेरीज दुसरे काहीही स्वीकारू नये आणि चूक झाल्यास मोठा आवाज करावा, कारण स्कॅन करणाऱ्याची नजर टपालावर असते, स्क्रीनवर नसते.

आता थैल्या. थैली हीदेखील ताबेदारच आहे, आणि तिचा स्वतःचाही कोणी ताबेदार असतो. एका थैलीत दुसरी थैली असू शकते. बंद करताना थैलीची यादी व सीलचा क्रमांक गोठवावा. यानंतर थैली गाडीत चढली, उतरली, दुसऱ्या गाडीत गेली, की फक्त थैली स्कॅन होते आणि आतील सर्व टपाल तिच्याबरोबर सरकले असे आपण मानतो. हे ‘मानणे’ प्रणालीत स्पष्ट दिसले पाहिजे. टपाल स्वतः स्कॅन झाल्याची नोंद आणि थैलीवरून अनुमानाने आलेली नोंद, या दोन्ही एकाच रंगाने दाखवल्या तर हरवलेल्या टपालाचा माग चुकीच्या ठिकाणी नेतो; माणसे शेवटच्या अनुमानापाशी शोधत बसतात, तर टपाल शेवटच्या प्रत्यक्ष स्कॅनपाशीच, म्हणजे थैलीत न भरता टेबलाखाली, राहिलेले असते. थैली उघडताना एकेक टपाल स्कॅन करून यादीशी जुळवावे. काही यादीत असून मिळणार नाही, काही मिळेल पण यादीत नसेल. दोन्हींची नोंद सीलच्या अवस्थेसह आणि उघडताना हजर असलेल्या दोघांच्या नावांसह त्याच क्षणी व्हावी, संध्याकाळी आठवून नव्हे.

बटवड्याच्या कार्यालयात सगळा हिशेब एका समीकरणावर उभा असतो: कालची शिल्लक अधिक आज आलेले टपाल बरोबर बटवडा झालेले, दुसऱ्या पत्त्यावर पाठवलेले, प्रेषकाकडे परत गेलेले आणि आजची शिल्लक यांची बेरीज. समजा, काल १८ टपाले शिल्लक होती आणि आज २६४ आली, म्हणजे एकूण २८२. त्यांपैकी २३१ वाटली गेली, ९ पुनर्निर्देशित झाली, ११ परत पाठवली, तर कपाटात ३१ असायलाच हवीत. प्रणालीने हा ३१ चा आकडा दाखवण्याआधी कपाट मोजून मिळालेला आकडा भरून घ्यावा, हा माझा आग्रह असतो. उत्तर आधी दिसले की माणूस मोजत नाही, उत्तर उतरवून काढतो.

अशाच एका ठिकाणी, प्रणाली नवी असताना, आठवड्यातून दोन-तीनदा एखादे टपाल कमी भरत असे आणि दुसऱ्या दिवशी ते ‘बटवडा झालेले’ म्हणून सापडत असे. मी एके दिवशी पोस्टमनबरोबर फिरलो तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या दोन बीटांची (एकेका पोस्टमनला नेमून दिलेल्या भागांची) हद्द एका गल्लीतून जात होती, आणि दोघे पोस्टमन तिथे भेटले की ‘हे तुमच्या बाजूचे आहे, जाता जाता द्या’ म्हणून एखादे टपाल एकमेकांना देत. कामाच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचे होते. पण आम्ही केलेल्या मोबाइल अॅपमध्ये टपाल फक्त कार्यालयाकडून पोस्टमनकडे आणि पोस्टमनकडून कार्यालयाकडे जाऊ शकत होते. ज्याच्या यादीत ते नव्हते तो ते नोंदवू शकत नसे, आणि ज्याच्या यादीत होते त्याच्या हातात ते नसे. आम्ही पोस्टमनांना नियम वाचून दाखवला नाही. दोघांच्या मोबाइलवर एकाने ‘दिले’ आणि दुसऱ्याने ‘घेतले’ असे नोंदवण्याची सोय केली आणि तूट बंद झाली. तेव्हापासून कोणतीही प्रणाली आखताना मी तक्ते काढण्याआधी किमान दोन फेऱ्या बटवड्याबरोबर फिरतो, आणि प्रश्नकर्त्यालाही तेच सुचवेन.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर नेटवर्क नाही असे गृहीत धरूनच अॅप लिहावे. पोस्टमनच्या मोबाइलवर सकाळी यादी उतरवावी, दिवसभराच्या नोंदी तिथेच साठवाव्यात आणि जोडणी मिळेल तेव्हा पाठवाव्यात. यासाठी दोन गोष्टी सुरुवातीपासून हव्यात. प्रत्येक नोंदीला मोबाइलनेच एक अद्वितीय ओळख द्यावी, म्हणजे जोडणी तुटल्यामुळे तीच नोंद तीनदा पाठवली गेली तरी सर्व्हरवर ती एकदाच बसेल. आणि प्रत्येक नोंदीत दोन वेळा असाव्यात: घटना घडल्याची आणि ती सर्व्हरपर्यंत पोचल्याची. मोबाइलचे घड्याळ चुकीचे असू शकते, मुद्दाम मागेपुढेही केलेले असू शकते. दोन्ही वेळा असल्या की ते निदान लक्षात येते. वेळ साठवताना जागतिक प्रमाणवेळेत साठवावी आणि दाखवताना स्थानिक करावी, हे नेहमीचेच.

बटवडा न झाल्याची कारणे ही दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठी बाब आहे. ‘दार बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘पत्ता सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’, ‘व्यक्ती मृत’ ही केवळ शेऱ्यांची यादी नाही. प्रत्येक कारणावरून टपालाचे पुढे काय होणार हे ठरते. दार बंद असेल तर सूचना ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा, नकार असेल तर ते परत पाठवायचे. म्हणून कारण आणि पुढील कृती यांची जोडी प्रोग्राममध्ये न लिहिता तक्त्यात ठेवावी आणि त्या ओळीला लागू होण्याचा दिवस जोडावा, कारण नियम बदलतात आणि जुन्या टपालाचा निवाडा जुन्या नियमानेच करावा लागतो. ‘इतर’ हा पर्याय द्यावाच लागतो. तो यादीत शेवटी ठेवावा आणि त्याच्याबरोबर दोन शब्द लिहिणे सक्तीचे करावे, नाहीतर पोस्टमनचा अंगठा तिथेच जाऊ लागतो.

पोच घेताना कोणाला दिले, त्याचे पत्त्यावरील व्यक्तीशी नाते काय आणि सही, इतके पुरेसे असते. मोबाइलच्या काचेवर बोटाने केलेली सही एकटी फारसे काही सिद्ध करीत नाही. ती वेळ, ठिकाण आणि नाव यांच्याबरोबर असली तरच उपयोगाची. सहीची चित्रे मुख्य डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळी साठवावीत, घटनेच्या ओळीत त्यांचा हॅश (चित्र नंतर बदलले तर उघडकीस आणणारा, त्यावरून काढलेला आकडा) ठेवावा आणि ती किती दिवसांनी नष्ट करायची हे आधीच ठरवावे. इथे गोपनीयतेचा एक मुद्दा सहज नजरेतून निसटतो. एस-१० चे क्रमांक ओळीने दिले जातात आणि पडताळा-अंक कोणालाही काढता येतो, म्हणजे शेजारच्या टपालाचा क्रमांक कोणीही तयार करू शकतो. म्हणून केवळ क्रमांक टाकल्यावर उघड दिसणाऱ्या पानावर घटना, कार्यालय आणि तारीख यांपलीकडे काही दाखवू नये. घेणाऱ्याचे नाव आणि सही प्रेषकाला त्याची ओळख पटवूनच मिळावी.

नावे व पत्ते मराठीत साठवताना युनिकोड वापरले म्हणजे काम झाले असे नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारे एक चिन्ह, देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात आणि युनिकोडच्या प्रमाणित रूपांतरानंतरही वेगळेच राहतात. त्यातच दीक्षित-दिक्षित, कुलकर्णी-कुळकर्णी आहेतच. लिहिले तसे मूळ नाव जपावे आणि शोधासाठी त्याचे एक सोपे रूप वेगळ्या रकान्यात ठेवावे, ज्यात जोडक काढून टाकलेला, ‘ऱ’चा ‘र’ केलेला आणि ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले असेल. पाकिटावर मात्र कधीही हे सोपे रूप छापू नये. आपले नाव चुकीचे लिहिलेले लोकांना आवडत नाही.

सुरुवात करताना जुन्या वह्यांतील सगळा मजकूर संगणकात भरण्याचा उद्योग करू नये. सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष कपाटातील आणि पोस्टमनकडे राहिलेले टपाल मोजावे, तेवढीच आरंभीची शिल्लक म्हणून एकेक स्कॅन करून भरावी आणि दुसऱ्या दिवसापासून एकाच कार्यालयात वही व संगणक दोन्ही चालवावेत. रोज संध्याकाळी दोघांच्या शिलकी ताडून पाहाव्यात. सलग पंधरा कामाचे दिवस त्या जुळल्या तर वही बंद करावी, पण फेकू नये; वीज गेलेल्या दिवसासाठी त्याच रकान्यांच्या छापील कोऱ्या पानांचा एक गठ्ठा प्रत्येक खिडकीच्या खणात असावा, आणि त्या पानांवरून नंतर नोंदी भरताना घटनेची वेळ पानावरची व भरल्याची वेळ संगणकाची, अशा दोन्ही लिहिण्याची सोय स्क्रीनवर पहिल्या दिवसापासून असावी.